आधी मोज, मग ठरव

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, दहावीला गणित राहिलं. घरचे म्हणतात एटीकेटी आहे, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, तर अकरावीला बस. मामा म्हणतो आयटीआय कर, गणिताची कटकट नाही. ठेकेदार म्हणतो उद्यापासून कामावर ये. या तिघांपैकी कुणी काही मोजलंय का? आणि तू?

गणितात 22. शाळेकडून अंतर्गत मूल्यमापनाचे 16 आले, हे तूच लिहिलंस. म्हणजे बीजगणित आणि भूमिती, 40-40चे दोन पेपर, मिळून 6. याला थोडक्यात हुकलं म्हणत नाहीत. एटीकेटीवर अकरावीत बसशील खरा, पण राहिलेला विषय सुटल्याशिवाय बारावीला जाता येणार नाही. अकरावीचा अभ्यास आणि डोक्यावर दहावीचं गणित, असं वर्ष काढायचंय. जमेल? जमेल असं तोंडाने म्हणू नकोस. रोजचे किती तास गणिताला देणार ते कागदावर लिहून पाठव.

मामांचं एक बरोबर आहे, वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडला दहावी नापास चालतो. फिटर, इलेक्ट्रिशियनला मात्र दहावी पास लागते, तीही गणित-विज्ञान घेऊन. आणि गणिताची कटकट नाही, हे साफ चूक. आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशन हा विषयच आहे, वर इंजिनिअरिंग ड्रॉइंग.

वर्कशॉपमध्ये पहिले काही आठवडे काय चालतं, ऐक. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, धरायचा, स्क्राइबरच्या टोकाने रेघ मारायची, रेघेवर डॉट पंचने ठिपके ठोकायचे, रेघेच्या बाहेर मिलिमीटरभर सोडून हॅकसॉने कापायचं आणि उरलेलं कानशीने उतरवायचं. कानशीवर दाब पुढे जातानाच द्यायचा. मागे ओढतानाही दाबलीस तर दात मरतात. मग ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, लावून जॉब, म्हणजे तो तुकडा, उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की कड अजून काटकोनात नाही. नवी पोरं इथं थांबत नाहीत. आणखी दोन हात मारतात, माप खाली जातं आणि जॉब रिजेक्ट. कमी झालेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. व्हर्नियर या बारीक मापाच्या साधनाचं लघुतम माप 0.02 मिमी, पण कडेची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, काढली नाही किंवा जबडे मिटून शून्य जुळतंय का पाहिलं नाही, तर त्या 0.02ला काडीचा अर्थ नाही. म्हणून म्हणतो, आधी मोज.

ठेकेदाराचे 400 रुपये रोज तुला मोठे वाटतात. तास विचारलेस? बारा तास असतील तर ताशी 33 रुपये पडले. कारखान्यात कायद्याने ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम झालं की ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, हे तो आपणहून सांगणार नाही. तुला अठरा पूर्ण नाहीत, हेही त्याला पक्कं ठाऊक आहे. रोख पैसे, हजेरीवर नाव नाही, पीएफ नाही, ईएसआयचा विमा नाही. मशीनवर बोट गेलं तर तू तिथं कामाला होतास हे कशाने दाखवणार? हा पर्याय सोडून दे. यावर चर्चा नको.

मास्तरला मोजण्यापलीकडे काही दिसत नाही, असं म्हणशील. म्हण. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचं प्रकरण आहे, जीएसटी, शेअर्स, सगळं. पास होऊन बाहेर पडलेल्या पोराला पगाराच्या स्लिपवर मूळ पगार कुठला, एकूण कुठला, पीएफचे 12 टक्के कशावर कापले, हे विचारून बघ. माना खाली जातात. शाळा पस्तीसला पास करते, पण नोकरीत पहिल्या पगारापासूनचा हिशेब ज्याचा त्यालाच ठेवावा लागतो. त्यामुळे माझा हट्ट मी सोडणार नाही.

माझं मत विचारशील तर पुरवणी परीक्षा दे आणि सुटलास की फिटर. अभ्यास दोन चलांतील रेषीय समीकरणं, सांख्यिकी आणि भौमितिक रचना यांच्यापासून सुरू कर. रचनेआधी कंपासचा स्क्रू घट्ट कर. तो ढिला असला की दोन्ही कंसांची त्रिज्या वेगळी येते आणि लंबदुभाजक तिरका जातो. नाहीच सुटलास, तर वेल्डरही हलका ट्रेड नाही.

पुरवणीचा फॉर्म शाळेतूनच भरायचा आहे. जाताना मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार बरोबर ने. या कागदांवर जिथं जिथं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख असेल, ते अक्षर न् अक्षर जुळव. शाळेच्या कागदात फरक असेल तर मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच भेटीत दे. पुढे पीएफ काढताना हाच फरक आडवा येतो.