ड्रॉइंगवर नसलेले टेकू

नेहमीप्रमाणे पत्रं थोडी कापून छापली आहेत. या वेळी बरीचशी पत्रं बांधकाम चालू असतानाच्या काळाबद्दल आली, म्हणून ती एकत्र घेतली. पुरी झालेली इमारत कशी उभी राहणार याचं गणित ड्रॉइंगमागे असतं. ती अर्धी असताना कशी उभी राहणार, हे मात्र बऱ्याचदा कोणीच मांडलेलं नसतं. चार वर्षं साइटवर काढून मग एकतीस वर्षं मी आरसीसीची डिझाइनं करते आहे, आणि मला सर्वांत जास्त धास्ती या मधल्या काळाचीच वाटते.

प्रश्न: मी साइट इंजिनिअर आहे, नोकरीचं दुसरं वर्ष. स्लॅब भरून आठवडा झाला की ठेकेदार सेंटरिंग (ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या फळ्या आणि टेकू) खोलायला माणसं लावतो, कारण तेच टेकू त्याला वरच्या मजल्यासाठी हवे असतात. सात दिवसांच्या क्यूबचा, म्हणजे त्याच काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याचा, रिझल्ट चांगला आला की म्हणतो, "आता काय अडचण आहे?" मी अडवलं तर काम रखडवल्याचा ठपका माझ्यावर. कशाच्या जोरावर नाही म्हणू?

उत्तर: आकड्यांच्या जोरावर म्हणा. कागद घ्या आणि त्याच्यासमोरच मांडा. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला साधारण ३७५ किलो. त्यात प्लाय, खालची चौकट, वर वावरणारी माणसं आणि एका जागी ओतलेला मालाचा ढीग धरला की आकडा पाचशेच्या घरात जातो. आता खालचा स्लॅब पाहा. राहत्या खोलीसाठी वापराचं वजन आपण साधारण २०० किलो धरतो. फरशी आणि आतल्या भिंतींचं थोडं वेगळं. म्हणजे वरचा मजला भरताना खालच्या एकट्या स्लॅबवर जे ओझं येतं, ते पुढे माणसं राहायला आल्यावर येईल त्याहूनही जास्त असतं. आणि ते येतं केव्हा, तर त्याचं वय आठ-दहा दिवसांचं असताना! म्हणून खाली दोन-तीन मजले टेकू ठेवून ते ओझं वाटून द्यायचं असतं. वरचा स्लॅब भरायचा आहे म्हणून खालचे टेकू काढायचे, हे नेमकं उलट झालं.

१९७३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे स्कायलाइन प्लाझा नावाची उंच इमारत बांधली जात होती. चोविसाव्या मजल्याचं काँक्रीट चालू होतं. तेविसाव्या मजल्याच्या स्लॅबखालचे टेकू लवकर काढले गेले होते. तो कोवळा स्लॅब कॉलमभोवती फाटला, जणू कॉलम त्याच्यातून आरपार गेला. याला आपण पंचिंग म्हणतो. तिथून पडझड मजल्यामागून मजला घेत थेट खालपर्यंत पोचली. १४ कामगार गेले. पुऱ्या झालेल्या इमारतीसाठी मांडलेलं गणित त्या दिवशी त्यांच्या काही कामाचं नव्हतं.

आता क्यूबबद्दल, कारण खरी फसगत इथे होते. क्यूब पास झाला म्हणजे क्यूब पास झाला. तो नीट ठोकून भरलेला आणि पाण्याच्या टाकीत, एकसारख्या तापमानात ठेवलेला असतो. स्लॅब उघड्यावर असतो. कुठे पाणी मारलं, कुठे राहिलं, रात्री गारठा होता, कडेला वारा होता. सेंटरिंग खोलायचं ठरवायला वेगळे क्यूब लागतात: त्याच मालातून भरलेले आणि त्याच स्लॅबवर, त्याच उन्हावाऱ्यात, तसंच पाणी मारून ठेवलेले. पुढच्या स्लॅबपासून तीन क्यूब जास्तीचे भरून वर ठेवायला लावा. थंडीत काँक्रीट किती सावकाश जमतं याचा अंदाज चांगल्या अनुभवी माणसांचाही चुकतो. २७ एप्रिल १९७८ ला वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड इथे बांधकाम चालू असलेल्या कूलिंग टॉवरची परांची कोसळली आणि ५१ कामगार एका क्षणात गेले. ती परांची ज्या काँक्रीटला अडकवली होती ते आदल्या दिवशी भरलेलं होतं.

टेकू काढायचा क्रमही लिहून घ्या. दोन्हीकडे आधार असलेल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून आधाराकडे काढत जायचे. बाहेर झेपावलेल्या स्लॅबचे, म्हणजे छज्जा, बाल्कनी यांचे, मोकळ्या टोकाकडून आत यायचं. साइटवरच्या माझ्या पहिल्याच वर्षी दीड मीटरचा एक छज्जा टेकू काढताना खाली आला. सुदैवाने त्याखाली कोणी नव्हतं. तुटलेली कड मी जवळून पाहिली. सळया वर असायला हव्या होत्या, त्या काँक्रीट भरताना पायांखाली दबून मध्यावर गेलेल्या. मी टेप लावला: वरून २५ मिलिमीटरवर असायची सळई ६५ वर होती. खालच्या कडेपासून सळईपर्यंतची १२५ मिलिमीटरची उंची ८५ वर आली, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली, तीही फक्त सळयांवरून चाललेल्या पायांमुळे. तेव्हापासून भरण्याआधी चेअर, म्हणजे सळया वर उचलून धरणारे आधार, मोजल्याशिवाय आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकल्याशिवाय मी छज्जा भरू दिलेला नाही.

आणि तुमच्या नोकरीचं. एकट्याने तोंडी नाही म्हणायची वेळच येऊ देऊ नका. डिझाइनरला लेखी विचारा: किती ताकद आल्यावर खोलायचं, खाली किती मजले टेकू ठेवायचे, कोणत्या क्रमाने काढायचे. ते ड्रॉइंगवर लिहून मागा. मग एक साधं रजिस्टर ठेवा. त्यात भरल्याची तारीख, स्लॅबवर ठेवलेल्या क्यूबचा आकडा, खोलायला परवानगी देणाऱ्याचं नाव आणि सही. सहीचा रकाना रिकामा असला की ठेकेदाराचा मुकादमही थांबतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. डिझाइनरने उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर ते पत्रही जपून ठेवा आणि टेकू जागेवर ठेवा.

प्रश्न: माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका पादचारी पुलाच्या जोडाला वेल्डिंग दाखवलं आहे, पण तिथे हात पोचत नाही. बोल्ट लावतो म्हटलं, तर डिझाइनर फोनवर "चालेल" म्हणाले. तेवढं पुरे का?

उत्तर: पुरे नाही. तुमची सूचना मूळ जोडापेक्षा चांगलीही असेल, आणि अडचण असताना गप्प न बसता विचारलंत हे फार बरं केलंत. पण त्या फोनवर गणित झालेलं नाही.

१७ जुलै १९८१ ला कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात टांगलेले दोन पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. एक पूल चौथ्या मजल्याच्या पातळीला, त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ कल्पनेत छतातून निघालेली अखंड सळई दोन्ही पुलांमधून खाली जात होती. तशा लांब सळईला मधल्या नटापर्यंत आटे पाडत आणणं कटकटीचं, म्हणून तिचे दोन तुकडे केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलाच्या बीमपासून खालच्या पुलापर्यंत. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण आधी वरच्या पुलाखालचा नट फक्त आपल्या पुलाचं वजन घेत होता. आता खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला लटकला आणि त्या एका नटावर दोन्ही पुलांचं ओझं आलं. मूळ जोडसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या साधारण ६० टक्केच होता, त्यात हे दुप्पट. बदललेल्या ड्रॉइंगवर डिझाइनरच्या ऑफिसचा शिक्का होता. शिक्का होता आणि गणित नव्हतं. पुढे त्या इंजिनिअरांचे परवाने गेले.

तुमच्या प्रश्नाला याहूनही जवळचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९७७ मध्ये पुऱ्या झालेल्या सिटीकॉर्प इमारतीच्या सांगाड्यात वेल्डिंगऐवजी बोल्टचे जोड आले होते. एरवी तो बदल अगदी रास्त. पण कोपऱ्यावर तिरका येणारा वारा धरून पुन्हा हिशेब केला तेव्हा ते जोड अपुरे निघाले. डिझाइनर विल्यम लेमेझर यांनी १९७८ मध्ये हे स्वतः मालकांना जाऊन सांगितलं आणि जोडांवर पोलादी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. सांगितलं म्हणून ती इमारत वाचली. मला त्या माणसाच्या त्या दिवसाबद्दल मनापासून आदर वाटतो, जरी हे सगळं लोकांपासून कित्येक वर्षं लपून राहिलं हे मला पटत नाही.

तुम्ही एक करा. हाताने स्केच काढून पाठवा आणि सोबत विचारा की या जोडावर किती भार येतो आणि बोल्टसाठी तो तपासला का. नव्या नंबरचं, नव्या तारखेचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय भोक पाडू नका. आणि जुनी प्रत वर्कशॉपमधून काढून टाका; भिंतीला चिकटवलेली जुनी प्रत पाहून काम झालेलं मी दोनदा पाहिलं आहे.

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सरांनी "सुरक्षा डिझाइनपासून सुरू होते" असं सांगितलं. पण हेल्मेट आणि पट्टे तर ठेकेदाराचं काम ना?

उत्तर: हेल्मेट सगळं चुकल्यावर कामाला येतं. त्याच्या कितीतरी आधी तुमच्या पेन्सिलीने माणूस कुठे उभा राहणार ते ठरवलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९९४ च्या नियमांनी ही जबाबदारी डिझाइनरवर कायद्यानेच टाकली. त्यामागचा विचार साधा आहे: धोका ड्रॉइंगवरच काढून टाकता येत असेल तर आधी तो काढा, उरलेल्यासाठी जाळी, कठडे, पट्टे.

मला हे उशिरा कळलं. कसं कळलं ते सांगते. एका कामावर पाइपांच्या डक्टसाठी स्लॅबमध्ये भोक सोडलं होतं, त्यावर प्लायचा तुकडा टाकलेला. एका कामगाराला तो प्लाय दुसरीकडे हवा होता. त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी उभा धरून उचलला आणि पुढे पाऊल टाकलं. समोर प्लाय असल्यामुळे पायाखालचं भोक त्याला दिसलंच नाही. तो जगला, पण पाठीचा कणा मोडला आणि पुन्हा कामावर आला नाही. ते भोक माझ्या ड्रॉइंगवर होतं, साडेसातशे बाय नऊशे मिलिमीटर. त्यानंतर माझ्या प्रत्येक डक्टमध्ये सळयांची जाळी चालूच ठेवते. काँक्रीट तेवढं भरायचं नाही. प्लंबर पाइप टाकायला येईल त्या दिवशी त्याला लागेल तेवढीच सळई कापायची. याला खर्च जवळपास काहीच येत नाही. बारा वर्षं माझ्या ड्रॉइंगवर ही एक ओळ का नव्हती, याचं माझ्याकडे उत्तर नाही.

असंच बाकीचंही बघायला शिका. गच्चीचा कठडा सुरुवातीपासूनच पुरेशा उंचीचा दाखवला तर काम चालू असताना आणि पुढे दुरुस्तीलाही माणूस सुरक्षित. कायमचा जिना मजल्याबरोबर वर नेला तर शिडीची गरज कमी होते. बीम आणि कॉलमच्या सांध्यात सळया इतक्या दाटल्या की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या वायब्रेटरची सुई आत जात नाही, तर तिथे पोकळी राहणार हे आधीच ठरलं; सळईचा व्यास बदला, नाहीतर कॉलम मोठा करा. प्रत्येक ओळ काढताना विचारा, हे कोण बांधणार, आणि बांधताना कशावर उभा राहणार?

प्रश्न: पाइपलाइनसाठी दोन मीटर खोल चर खणतोय. माती कडक आहे, बाजू सरळ उभ्या राहिल्यात. आधार द्यायलाच हवा का?

उत्तर: हो, आणि तो देईपर्यंत कोणालाही आत उतरवू नका. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर असतं; छातीपर्यंत गाडलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही. काल उभी राहिलेली बाजू आज सुकून, भिजून किंवा जवळून गाडी गेल्याने सुटते. अमेरिकेच्या नियमात घट्ट खडक सोडला तर साधारण दीड मीटर खोलीपासून आधार किंवा उतार सक्तीचा आहे. खणलेली माती कडेपासून लांब टाका आणि चढायला शिडी जवळ ठेवा.

प्रश्न: आमच्या इमारतीत वरच्या मजल्याचं नूतनीकरण चालू आहे. तिथे फरशी आणि सिमेंटची थप्पी रचली आहे. त्याखालच्या छताला कॉलमच्या भोवती तडे आलेत. कंत्राटदार म्हणतो, गिलाव्याचे आहेत. फोटो पाठवला आहे.

उत्तर: फोटो पाहून त्याच दिवशी संपादकांमार्फत तुम्हाला निरोप दिला होता, तो इतरांसाठी इथे लिहिते. गिलाव्याचे तडे जाळ्यासारखे, वेडेवाकडे पसरतात. कॉलमच्या भोवती गोल फिरणारा आणि रोज वाढणारा तडा वेगळा. सोलमधल्या सामपूंग डिपार्टमेंट स्टोअरमध्ये २९ जून १९९५ च्या सकाळी असेच तडे दिसले होते. तिथे कॉलम ८० सेंटिमीटरचे हवे होते ते ६० चे केलेले, वर पाचवा मजला चढवलेला, गच्चीवरची जड एसी यंत्रं ओढत दुसरीकडे हलवलेली. वरचा मजला बंद केला, खालची दुकानं चालू ठेवली. संध्याकाळी इमारत गेली, ५०२ माणसांसह.

वरची थप्पी काढण्यासाठीही आता तिथे माणसं पाठवू नका. आधी तो भाग वर-खाली, सगळ्या मजल्यांवर रिकामा करा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन टेकू कुठे आणि किती मजल्यांपर्यंत खाली न्यायचे ते सांगेल. तड्यावर काँक्रीटला चिकटेल अशी प्लास्टरची छोटी पट्टी लावून तारीख लिहायची पद्धत आहे (तडा वाढला की ती फुटते), पण तुमच्या बाबतीत ती लावायलाही आत जाऊ नका. जिन्याजवळ एक माणूस उभा करा, आणि इंजिनिअर लिहून देईपर्यंत विसरलेली वस्तू आणायलाही कोणाला वर सोडू नका.