आई-बाप ठणठणीत पळतात, मग खुब्याचा एक्स-रे कशाला?

तुम्ही विचारलंय की लॅब्राडॉरचं पिल्लू पसंत पडलंय, त्याचे आई-बाप मस्त पळतात आणि ब्रीडर म्हणतो, हिप डिस्प्लेझिया (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार) पिल्लाला खायला कमी पडलं तरच होतो. तरीही एक्स-रेचा हट्ट धरावा का? धरा. मी बरीच वर्षं जर्मन शेफर्ड पाळतेय, म्हणजे हे दुखणं ज्यांच्या नशिबी जास्त, त्यांच्यातलीच एक जात.

पळतोय म्हणजे खुबा चांगला, असं होत नाही. तरुण कुत्र्याच्या मांडीचे स्नायू सैल सांधा बरीच वर्षं सावरून धरतात आणि दुखलं तरी कुत्री सहसा कुरकुर करत नाहीत. बघायचंच असेल तर पळताना नको, झोपेतून उठताना बघा. पुढचे पाय रोवून मागचं अंग ओढून घेतोय का? जिना चढताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा टुणकन उडी मारतोय का? अर्थात हे काहीच दिसलं नाही तरी खुबा वाईट असू शकतो.

पिल्लू जन्मतं तेव्हा खुबे बहुधा ठीकच असतात. पुढच्या काही महिन्यांत सांधा सैल पडला की मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसत नाही, वाटी उथळ राहते, कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण) झिजते आणि संधिवात मागे लागतो. हा सैलपणा मुख्यतः वंशातून येतो, तोही एका जनुकातून नाही, अनेक जनुकांतून. म्हणून 'डीएनए टेस्ट केलीय, काळजी नको' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

खाण्याचं तर ब्रीडर उलटंच सांगतोय. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतल्या एकाला आयुष्यभर २५ टक्के कमी खायला देऊन पाहिलं गेलं. कमी खाणाऱ्यांच्या खुब्यांत संधिवात कमी आणि उशिरा आला, शिवाय ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं, पण ते वजन सांध्यावरच पडतं. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं संतुलित असेल तर वरून कॅल्शियम देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम ती शरीराबाहेर ठेवू शकत नाहीत आणि हाडांची वाढ बिघडते.

आता कागद. 'व्हेटनी बघितलंय' हा कागद नव्हे. कुत्र्याला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून आणि गुडघे आत वळवून एक्स-रे काढतात आणि तो तज्ज्ञांकडून मोजला जातो. ब्रिटिश पद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात, जितके कमी तितकं चांगलं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या पद्धतीत ए ते ई श्रेणी असतात, ए सगळ्यांत चांगली. अमेरिकेतली ओएफए ही प्राण्यांच्या हाडा-सांध्यांची नोंद ठेवणारी संस्था पक्की श्रेणी २४ महिन्यांनंतरच देते. पेनहिप पद्धतीत सांधा किती सैल आहे तेच मोजतात, तेही १६ आठवड्यांपासून. कोणतीही पद्धत चालेल, फक्त कागदावरचा मायक्रोचिप नंबर कुत्र्याशी जुळतो का ते बघा.

इथवर बरेच ब्रीडर येतात. खरा प्रश्न पुढचा: या जोडीच्या आधीच्या वेतातल्या पिल्लांचे खुबे कसे निघाले? आई-बापांच्या भावंडांचे? दोन उत्तम खुब्यांच्या पोटीही वाईट खुब्याची पिल्लं होतात, कारण जनुकं दडलेली असतात आणि एक्स-रेत फक्त त्या एका कुत्र्याचा सांधा दिसतो. स्वतः पहिल्या श्रेणीचा पण भावंडं लंगडणारी, अशा नरापेक्षा मला मध्यम खुब्याचा, पण ज्याची सगळी भावंडं नीट आहेत असा नर जास्त भरवशाचा वाटतो. जबाबदार ब्रीडरकडे ही माहिती टिपून ठेवलेली असते, कारण तो विकलेल्या पिल्लांच्या मालकांना एक्स-रे काढायला सांगतो आणि निकाल वाईट आला तर ती जोडी पुन्हा लावत नाही. (सगळेच एका 'सर्वोत्तम' नराच्या मागे लागले तर जातीतली जनुकांची विविधता आटते, हेही खरं. नुसते खुबे बघून जोड्या लावणाऱ्यांचंही मला फारसं पटत नाही.) हे प्रश्न विचारल्यावर माणूस चिडला, तर दुसरीकडे बघा.

पिल्लू घेतलंच, तर ते तीन महिन्यांचं होईपर्यंत त्याला जिने चढू-उतरू देऊ नका; मऊ जमिनीवर मोकळं हुंदडू द्या. आणि १६ आठवड्यांच्या आसपास हाडांच्या डॉक्टरकडून खुबे तपासून घ्या. सांधे सैल निघाले तर जघनास्थीची (ओटीपोटाखालच्या हाडाची) वाढ थांबवून वाटीने मांडीच्या हाडाचा गोळा नीट झाकला जावा, अशी एक लहानशी शस्त्रक्रिया करता येते. पण ती साधारण २० आठवड्यांच्या आतच उपयोगी पडते, म्हणून पुढच्या लसीच्या तारखेबरोबरच ही तारीखही मांडून ठेवा.