दयाळाला दया चिकटवू नका

नाशिकहून एका वाचकांनी विचारलंय: गंगापूर रोडवरच्या घराच्या परसात चैत्रात काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंची दिनदर्शिका छापायची आहे. शेपटी उभारून गाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पक्ष्याखाली ‘दयाळ’ लिहायचं की ‘दयाळू पक्षी’? आणि मादीला काय म्हणायचं?

‘दयाळू’ मुळीच नको. हे रूप आता सोसायटीच्या फलकांवर, मुलांच्या प्रकल्पवह्यांत आणि फोटोंच्या ओळींत सर्रास दिसतं, आणि दर वेळी डोळ्यांना खुपतं. वसंतात हा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला पाय ठेवू देत नाही. छाती फुगवून, शेपटी पसरून अंगावर धावून जातो. गाडीच्या आरशात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी त्यावर चोची मारत राहतो. पाच मिनिटं त्याला नीट पाहिलं असतं, तर दयेची गोष्ट कुणी रचली नसती.

‘दयाळ’ या विशेषणाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ‘दीनदयाळ’ आपण रोज ऐकतो. पक्ष्याचं नाव मात्र त्या घरातलं नाही. ते दह्याच्या घरातलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

शेजारच्या भाषांत डोकवा. हिंदीत दही आणि दहियल (किंवा दहियर). बंगालीत दह्याला ‘दोइ’ म्हणतात, त्यातला ह गळालेला. आणि पक्षी ‘दोयेल’, त्यातलाही ह गळालेला. हा दोयेल बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी आहे. दोन्ही भाषांत दह्याचं रूप बदलतं तसं पक्ष्याचं नाव बदलतं. हा योगायोग आहे, असं म्हणणाऱ्याने तसा दुसरा योगायोग दाखवावा.

आता मराठी. आपल्याकडे ‘-आळ’ हा प्रत्यय आहे: दुधाळ, मधाळ, रसाळ, केसाळ. त्याच चालीवर दही + आळ = दह्याळ. तोंडातल्या मराठीत मधला ह टिकत नाही. नाशिकच्या बाजारात कान देऊन ऐका: पहिला ‘पयला’ होतो, वहिनी ‘वयनी’ होते, राहिलं ‘रायलं’ होतं. दह्याळचा ‘दयाळ’ व्हायला याहून वेगळं काही लागत नाही. शब्द थेट हिंदीतून आला असं मानलं तरी वाट तीच आहे: ह गळाला आणि शेवटचा ल ळ झाला, जसा फल-फळ, काल-काळ यांत झाला. रूप ‘दयाळ’ झाल्यावर लोकांना दया आठवली आणि मागून उकार जोडला गेला. लोकव्युत्पत्ती अशीच चालते.

‘पक्षी काळा, मग दही कुठून?’ हा आक्षेप फोटो पाहूनच मिटतो. नर बाजूने बसला की खांद्यापासून पंखाच्या टोकाकडे सरळ पांढरा पट्टा दिसतो. पोट पांढरं, शेपटीच्या कडा पांढऱ्या. निळसर काळ्यावर तो पांढरा इतका दाट उठून दिसतो की नाव ठेवणाऱ्याने काळ्याकडे न बघता त्याच्याकडेच बघितलं, यात नवल नाही.

आता ज्यांच्याशी माझं भांडण आहे ते. १७३०च्या दशकात अल्बिन या इंग्रज चित्रकाराने या पक्ष्याला ‘डायल बर्ड’ म्हटलं. पुढे जुन्या इंग्रजी पक्षीग्रंथांत असं आलं की सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लीनियसने या ‘डायल’चा अर्थ सूर्यघड्याळ असा घेतला, त्याला ‘सोलारिस’ लिहायचं होतं आणि लेखणी घसरून ‘सौलारिस’ झालं; तेच या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आहे. ही कथा आजही मोठ्या थाटात सांगितली जाते. मला ती अजिबात मान्य नाही. ‘डायल’ म्हणजे इंग्रज कानाने ऐकलेला ‘दयाल’, इतकंच. आणि ‘सौलारिस’ ही चूकही नाही: मद्रासहून एडवर्ड बल्कली या शल्यवैद्याने पेटिव्हर या इंग्रज निसर्गअभ्यासकाकडे हा पक्षी पाठवला तो ‘सौलारी’ या देशी नावानिशी, आणि ते १७१३ साली छापून आलं, म्हणजे लीनियसच्या १७५८च्या ग्रंथाच्या पंचेचाळीस वर्षं आधी. त्या नावाचा अर्थ ‘शंभर गाणी गाणारा’ असा सांगतात. शास्त्रीय नावात आपल्याच मुलखातला शब्द बसलेला असताना त्याला लॅटिन सूर्याची चूक ठरवणं हा आळस आहे.

दिनदर्शिकेत तो पट्टा दह्यासारखा दिसायला हवा, म्हणून थोडं फोटोविषयी. काळा आणि पांढरा एकाच चौकटीत आले की कॅमेरा गोंधळतो. मागे गडद पानं असतील तर तो चित्र उजळ करतो आणि पट्ट्यातली पिसं पुसली जाऊन नुसता पांढरा डाग उरतो; तिथे एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) दोन तृतीयांश स्टॉप कमी करा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मागे आकाश असेल तर उलट: पक्षी नुसती सावली होतो, म्हणून एक स्टॉप वाढवा. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. सूर्य पाठीशी घेऊन उजाडल्यावरच्या पहिल्या तासाभरात काढा, कारण काळ्या डोक्यातला काळा डोळा त्यात उजेडाचा ठिपका पडल्याशिवाय दिसतच नाही. ४०० मिमीची लेन्स, सहा-सात मीटर अंतर, गाणाऱ्या पक्ष्यासाठी शटर १/५०० सेकंद पुरतो. शेपटी झटकणारा पकडायचा तर १/१००० किंवा त्याहून जलद.

दाणे टाकून तो येणार नाही, तो किडे खातो. शेवग्याखालचा पालापाचोळा झाडू नका, माती ओलसर ठेवा आणि मातीच्या पसरट थाळ्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी ठेवा, ते रोज बदला. थाळं झुडपाला खेटून नको, मांजर दबा धरते. मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवून बोलावणं सोडा; नर खरा शत्रू आला समजून खाणं टाकून भांडत बसतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतल्या भोकांत हे घरटी करतात. तिथे कॅमेरा नेऊ नका, अंडी सोडून जातात.

राहिला मादीचा प्रश्न. मोर-लांडोर, कोकीळ-कोकिळा अशी जोडी इथे नाही. ‘दयाळाची मादी’ असंच लिहा. ‘दयाळी’ किंवा ‘दयाळीण’ कुणी बोलत नाही. एक दयाळ, दोन दयाळ, दयाळाने, दयाळांना. ‘दयाळने’ नको, ते एखाद्या माणसाचं आडनाव वाटतं. आणि छापण्याआधी फोटो पुन्हा पाहा: नराचं काळं तिच्या अंगावर राखाडी असतं, पोट मात्र तिचंही पांढरंच. पोटही काळं आणि शेपटीखाली तांबूस असेल, तर तो दयाळच नाही, चिरक आहे.