दूरवरच्या मशीनमध्ये दुसरा प्रोसेसर बसेल का?

"मशीन लांब आहे, रिमोटने बघतोय, टास्क मॅनेजरमध्ये १६ चौकोन दिसतात, म्हणजे दोन प्रोसेसर आहेत ना? नसतील तर दुसरा बसेल का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझीच जुनी फजिती आठवली.

चौकोन मोजू नका. हायपरथ्रेडिंग (एक कोअर विंडोजला दोन भासवणारी सोय) चालू असेल तर आठ कोअरचा एकच प्रोसेसर १६ चौकोन दाखवतो. तिथेच खाली 'सॉकेट्स' (प्रोसेसर बसवायच्या जागा) लिहिलेलं असतं, तो आकडा खरा. मात्र तो बसवलेल्या प्रोसेसरचा; रिकामं सॉकेट विंडोज सहसा सांगत नाही. पॉवरशेलमधून (विंडोजची आज्ञा टाइप करायची खिडकी) विन३२_बेसबोर्ड (Win32_BaseBoard) विचारा, मदरबोर्डचं मॉडेल मिळेल, मग त्याचं मॅन्युअल उघडा. लिनक्स असतं तर रूट (मुख्य ॲडमिन) म्हणून 'डीएमआयडीकोड -टी प्रोसेसर' (dmidecode -t processor) ही आज्ञा पुरली असती, ती रिकामी सॉकेटही दाखवते. (व्हर्च्युअल, म्हणजे सॉफ्टवेअरने उभं केलेलं, मशीन असेल तर हे सगळं सोडा, तिथले सॉकेट कागदी.)

माझ्या घोड्याने पेंड खाल्ली ती याच्या पुढे. माझ्या लिनक्स मशीनवर डीएमआयडीकोडमध्ये दुसऱ्या सॉकेटसमोर 'अनपॉप्युलेटेड' (रिकामं) दिसलं आणि मी हुरळलो. आत झीऑन ई५-१६५० (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनचा प्रोसेसर) होता. दुसरा मागवण्याआधी मशीनच्या कंपनीच्या सपोर्टला तिकीट (तक्रार-चौकशी) टाकलं, पहिल्याच ओळीत प्रोसेसरचं नाव लिहून. उत्तर आलं, "होय, हे मॉडेल ड्युअल प्रोसेसर सपोर्ट करतं." तिकीट बंद! अहो, मी मॉडेलबद्दल नाही, माझ्या मशीनबद्दल विचारत होतो.

तस्साच दुसरा १६५० मागवला. तिकडच्या माणसाने तो बसवला आणि फोन केला : पंखे सुसाट, स्क्रीन काळी. मग कुठे मी त्या नावाकडे नीट पाहिलं. ई५ मध्ये डॅशनंतरचा पहिला आकडा म्हणजे असे किती प्रोसेसर एका बोर्डवर चालतील : १ असेल तर एकटाच, २ तर दोन, ४ तर चार. १६५० ला शेजारच्या प्रोसेसरशी बोलायला लागणारी क्यूपीआय (QPI) जोडणीच नसते. मला २६०० मालिकेतले दोन घ्यावे लागले असते, म्हणजे जुनाही बाद. पाकीट फोडलेलं, त्यामुळे परतीचं नाव नको. पुन्हा तिकीट टाकलं, तर "कृपया आधीचं उत्तर पाहावे." आजही डोकं फिरतं.

हा आकड्यांचा नियम ई५ पुरताच, नव्या झीऑनना लावू नका. तिथे इंटेलच्या साइटवर त्या प्रोसेसरच्या पानावरची 'स्केलेबिलिटी' (किती प्रोसेसर एकत्र चालतील) ही ओळ बघा. मी हार्डवेअरवाला नाही, हात पोळलेला माणूस आहे, तेव्हा खात्री तुमची तुम्ही करा.

आणि हो, विंडोज होम असेल तर दुसरा प्रोसेसर बसूनही वापरात येणार नाही, प्रो लागेल. दुसऱ्या सॉकेटच्या बाजूचे रॅमचे स्लॉटही तो प्रोसेसर बसेपर्यंत मेलेलेच असतात, तिथे रॅम खुपसून 'दिसत नाही' म्हणू नका.

प्रोसेसरचं आणि बोर्डचं पूर्ण नाव इथे टाका. सिरियल नंबर तेवढा खोडा.