वाचक विचारतात : लॅपटॉपवर हिरवी, पाईपलाईनमध्ये लाल

प्रश्न : आमचं बेदाण्याच्या सौद्यांचं अँड्रॉइड ॲप आहे. एस्प्रेसो या टेस्ट लायब्ररीत लिहिलेल्या, पडद्यावरची बटणं-मजकूर तपासणाऱ्या चाळीस यूआय टेस्ट लॅपटॉपवर सगळ्या पास होतात. गिटहब ॲक्शन्सवर (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणारी आमची पाईपलाईन) मात्र दर वेळी वेगवेगळ्या चार-पाच पडतात आणि ‘सौदा नोंदवा’ बटणाची टेस्ट तर कायमच पडते. कुठून सुरुवात करावी? — तासगाव

तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. एक टेस्ट रोज न चुकता पडते, बाकीच्या लहर लागेल तशा. कायम पडणारी आधी घ्या, तिचं कारण नेहमी सापडतं.

पाईपलाईनमध्ये एव्हीडी (एम्युलेटरचा, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनचा आराखडा) बनवताना डिव्हाइसचा प्रोफाइल दिला नाही, तर एम्युलेटर ३२० बाय ६४० पिक्सेलच्या इवल्याशा पडद्यावर उघडतो. लॅपटॉपवर तुम्ही पिक्सेल फोनचा प्रोफाइल वापरत असणार. छोट्या पडद्यावर वजनाचा आकडा भरला की कीबोर्ड वर येतो आणि बटण त्याखाली जातं. एस्प्रेसोचं क्लिक त्या घटकाचा किमान ९० टक्के भाग पडद्यावर दिसत असेल तरच होतं, अर्धवट दिसणाऱ्या बटणावर ते साफ नकार देतं. एव्हीडीला प्रोफाइल द्या, आकडा भरल्यावर कीबोर्ड बंद करा, क्लिकच्या आधी स्क्रोल करा. पण एक सांगायलाच हवं. छोट्या पडद्यावर बटण खरोखरच हाताला लागत नसेल, तर ती टेस्ट खरं बोलत होती. अडत दुकानात स्वस्तातला फोन वापरणाऱ्या माणसालाही तेच दिसणार. तेव्हा स्क्रीनची मांडणीही एकदा तपासा.

आता लहरी टेस्ट. पहिला संशय एम्युलेटरच्या वेगावर. लिनक्स रनरवर (टेस्ट चालवणाऱ्या यंत्रावर) केव्हीएमची, म्हणजे एम्युलेटरला प्रोसेसरचा थेट वेग देणाऱ्या सोयीची, परवानगी मिळाली नाही तर एम्युलेटर सुरूच होत नाही, किंवा प्रवेग बंद करून चालवला तर इतका रखडतो की ‘सिस्टिम यूआय प्रतिसाद देत नाही’ असा डबा पडद्यावर येतो आणि पुढचं प्रत्येक क्लिक त्या डब्यावर पडतं. एम्युलेटरसोबतच प्रवेग तपासण्याची कमांड येते. ती पाईपलाईनची पहिली पायरी करा आणि उत्तर नकारार्थी आलं तर तिथेच थांबा. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, चालवत असाल तर केव्हीएमचं डिव्हाइस कंटेनरला वेगळं जोडून द्यावं लागतं. सिस्टिम इमेज (एम्युलेटरवर चालणारी अँड्रॉइडची प्रत) एक्स८६-६४ची घ्या. इंटेल किंवा एएमडीच्या रनरवर आर्म प्रोसेसरसाठीची इमेज उपयोगाची नाही.

दुसरी चूक फार घरोघरी दिसते : संगणकावरून फोनला कमांड देणाऱ्या एडीबी या साधनाच्या ‘एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस’वर विसंबणं. ही कमांड एडीबीची जोडणी झाली की परतते, तेव्हा अँड्रॉइड अजून डोळे चोळत असतो. ‘सिस डॉट बूट अंडरस्कोर कम्प्लीटेड’ या प्रॉपर्टीचं उत्तर १ येईपर्यंत दर दोन सेकंदांनी विचारत राहा, आणि पाच मिनिटांत आलं नाही तर जॉब तोडा. त्यानंतर विंडो, ट्रान्झिशन आणि ॲनिमेटर ही ॲनिमेशनची तिन्ही स्केल शून्यावर आणा. दोनच शून्य करून तिसरी विसरलेल्या पाईपलाईन पुष्कळ असतात.

मेमरीचीही ओढाताण असते. ग्रेडल (ॲप बांधणारं साधन) आणि एम्युलेटर एकाच वेळी धावले तर दोघेही उपाशी राहतात. आधी ॲपची आणि टेस्टची अशा दोन्ही एपीके (ॲपच्या फाइल) बांधून घ्या, ग्रेडलचा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) थांबवा, मगच एम्युलेटर सुरू करा. खिडकी, आवाज आणि बूट ॲनिमेशन बंद ठेवा. एपीआय ३०पासून (म्हणजे अँड्रॉइड ११पासून) गूगलच्या ‘एटीडी’ नावाच्या हलक्या इमेज मिळतात. नको असलेली ॲप आणि सेवा त्यांतून काढलेल्या असतात. नेहमीच्या टेस्टना त्या उत्तम, फक्त पडद्याचं चित्र पिक्सेलनिशी ताडून पाहणाऱ्या टेस्टना त्या वापरू नका.

एवढं करूनही टेस्ट पडत असेल तर तिच्यात ‘स्लीप’ शोधा. भाव यायला दोन सेकंद लागतील असं धरून दोन सेकंद झोपणारी टेस्ट तासगावच्या वायफायवर पास होईल, रनरवर होईलच असं नाही. एस्प्रेसो मुख्य थ्रेडची रांग मोकळी होईपर्यंत आपणहून थांबतो, पण तुमच्या नेटवर्क कॉलबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. ते सांगायला आयडलिंग रिसोर्स आहे. खरा सर्व्हर टेस्टमध्ये आणूच नका, मॉकवेबसर्व्हर या नकली सर्व्हरमधून ठरलेलं उत्तर द्या.

‘आजचे सौदे’ असा स्क्रीन असेल तर अजून एक. रनरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे) चालतं आणि एम्युलेटर त्याचाच टाईमझोन घेतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख बदललेली असते, रनरची नसते. रात्री दोनला लावलेली टेस्ट म्हणूनच लाल होते आणि सकाळी दहाला तीच हिरवी. एम्युलेटर सुरू करतानाच टाईमझोन आशिया/कोलकाता द्या.

प्रश्न : ॲप मराठीत आहे. टेस्टमधून देवनागरी मजकूर टाईप होत नाही आणि दिसत असलेला शब्दही ‘सापडला नाही’ म्हणते. — कराड

एस्प्रेसोचं ‘टाईपटेक्स्ट’ एकेक कळ दाबल्याचं सोंग करतं, आणि ‘ळ’साठी तशी कळ त्याच्याकडे नाही, म्हणून ते चूक दाखवून थांबतं. ‘रिप्लेसटेक्स्ट’ वापरा, ते मजकूर थेट खोक्यात ठेवतं. एडीबीच्या ‘इनपुट टेक्स्ट’चंही हेच दुखणं आहे. ॲपियम या दुसऱ्या टेस्ट साधनात यूआयऑटोमेटर२चा ड्रायव्हर असेल तर देवनागरी चालते.

शब्द न सापडण्याचं कारण बहुतेक वेळा ‘ऱ्य’ असतं. ‘शेतकऱ्यांची यादी’ हा मजकूर एकानं नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरून लिहिला, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) वापरून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, संगणकासाठी ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात आणल्यानं र अधिक नुक्ता यांचा एक ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेची जोडणी तशीच राहते. तेव्हा मजकुरानं शोधूच नका. घटकाचा आयडी किंवा कंपोज (स्क्रीन बांधायची अँड्रॉइडची पद्धत) वापरत असाल तर त्यातला टेस्ट टॅग वापरा, आणि मजकूर ताडायचाच असेल तर तो ॲपच्याच स्ट्रिंग रिसोर्समधून उचला.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मराठी ॲपमधला सर्वांत घातक दोष अंकांत असतो. फोनची भाषा मराठी असली की ‘स्ट्रिंग डॉट फॉरमॅट’ भाव देवनागरी अंकांत लिहून देतं. माणसाला वाचायला ते छान. तीच स्ट्रिंग सर्व्हरला गेली की जेसन (सर्व्हरशी देवाणघेवाणीचा साचा) ती संख्या म्हणून घेत नाही. गंमत अशी की कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेचं ‘टूइंट’ देवनागरी अंकही निमूट वाचतं, म्हणून चूक ॲपच्या आत दिसतच नाही, सर्व्हरवर जाऊन फुटते. यंत्रासाठी लिहायच्या प्रत्येक आकड्याला लोकेल रूट (कोणत्याच भाषेला न बांधलेली मांडणी) द्या. शिवाय पाईपलाईनमध्ये मुख्य टेस्ट एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत चालवा. अँड्रॉइड १३पासून एडीबीनं एकाच ॲपची भाषा बदलता येते, सगळा एम्युलेटर पुन्हा सुरू करावा लागत नाही.

प्रश्न : ऑफिसात तीन जुने फोन पडून आहेत. एका पीसीला जोडून त्यांच्यावरच टेस्ट चालवल्या तर? — कुपवाड एमआयडीसी

चालवा, खऱ्या फोनसारखं काही नाही. पण त्यांची निगा राखावी लागते. यूएसबी २.०च्या पोर्टमधून ५०० मिलिॲम्पियर मिळतात, तेवढ्यात पडदा सतत चालू असलेला फोन हळूहळू उतरत जातो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. उलट, महिनोन्‌महिने पूर्ण चार्जवर ठेवलेली बॅटरी फुगते, त्यात सांगलीचा उन्हाळा. फोन एकमेकांवर रचू नका, आठवड्याला मागचं कव्हर बघा, उचललेलं दिसलं तर तो फोन लगेच बाजूला काढा.

लॉक काढा, ‘स्टे अवेक’ चालू करा, आपोआप होणारे अपडेट बंद करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यूएसबीवरून ॲप टाकायला आणि क्लिकची नक्कल करायला वेगळ्या परवानग्या असतात. त्या नसल्या की टेस्ट ‘इंजेक्ट इव्हेंट्स’च्या चुकीवर अडते. प्रत्येक फोनला त्याच्या सीरियल नंबरनं बांधलेला स्वतंत्र रनर द्या, नाहीतर दोन जॉब एकाच फोनवर भांडतील. टेस्टआधी जुनं ॲप काढून टाका. दर यंत्राची डीबग की (ॲपवर सही करणारी किल्ली) वेगळी असते आणि वेगळ्या सहीचं ॲप जुन्यावर बसत नाही.

वीज गेली की पीसीसोबत राउटरही इन्व्हर्टरवर हवा. वीज आल्यावर पीसी आपोआप सुरू होण्याची सोय बायॉसमध्ये असते, आणि रनर सर्व्हिस म्हणून बसवला तर कुणी लॉगिन करायची वाट पाहत नाही. तुमचा कोड सार्वजनिक असेल तर मात्र हा पीसी जोडूच नका. पुल रिक्वेस्टमधून (कोड बदलण्याच्या प्रस्तावातून) अनोळखी माणसाचा कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये चालू शकतो.

प्रश्न : आयफोनच्या टेस्ट लिनक्स रनरवर चालतील का? — वाई

नाही. सिम्युलेटर (आयफोनचा एम्युलेटर) एक्सकोड या ॲपलच्या साधनासोबत येतो आणि एक्सकोड फक्त मॅकओएसवर चालतो. मॅकचा रनर लिनक्सपेक्षा बराच महाग पडतो, म्हणून या टेस्ट प्रत्येक पुशवर (कोड वर चढवताना) न लावता मुख्य ब्रँचवर मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळल्यावर लावा.

प्रश्न : पडलेली टेस्ट तीनदा आपोआप पुन्हा चालवली तर सगळं हिरवं दिसतं. यात वाईट काय? — सांगली, विश्रामबाग

दर तीन वेळांत एकदा ग्राहकाच्या हातात ॲप बंद पडत असेल, तर ते तुम्हाला आता कधीच कळणार नाही, हे वाईट. पुन्हा चालवायची तर एकदाच, आणि दुसऱ्या खेपेला पास झालेली टेस्ट अहवालात वेगळ्या रंगात दाखवा. तिला मर्ज अडवणाऱ्या गटातून काढून वेगळ्या गटात टाका, तिच्यापुढे जबाबदार माणसाचं नाव आणि दुरुस्तीची तारीख लिहा. तारीख उलटली तर टेस्ट पुसा. पुल रिक्वेस्टवर लॉगिन, नोंद, पैसे अशा मुख्य वाटेच्या आठ-दहा टेस्ट पुरेत, बाकीच्या रात्री. त्या संख्येनं वाढल्या की तुकडे करून तीन-चार एम्युलेटरवर वाटा, आणि ऑर्केस्ट्रेटर (प्रत्येक टेस्ट वेगळी चालवणारं साधन) लावून प्रत्येक टेस्टआधी ॲपचा डेटा पुसून घ्या, म्हणजे एका टेस्टचं उरलंसुरलं दुसरीच्या गळ्यात पडणार नाही.

कारण शोधायला पुरावा लागतो. लॉगकॅट (फोनमधल्या घडामोडींची नोंद), पडल्या क्षणाचा स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ जपून ठेवण्याची पायरी ‘नेहमी चालव’ या अटीवर ठेवा. ती अट नसेल तर टेस्ट पडल्यावर पुढची पायरी गाळली जाते, आणि नेमका हवा तेव्हाच पुरावा नसतो. एडीबीचं स्क्रीनरेकॉर्ड तीन मिनिटांनंतर आपसूक थांबतं, म्हणून रेकॉर्डिंग प्रत्येक टेस्टसाठी नव्यानं सुरू करा.