आईची हाक नेमकी कधी येते?

प्रश्न: १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझी नणंद आठ वर्षांची होती. माळवद कोसळून ती मातीखाली अडकली, शेजारीच तिची आई गेली. गेल्या पावसाळ्यापासून तिला आईची हाक ऐकू येते. मग ती भिंतीकडे बघत बसते, बोलावलं तरी ओ देत नाही. नंतर विचारलं तर तिला काही आठवत नाही. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगून गोळ्या दिल्यात. भूकंपाचं त्यांनी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. गावात म्हणतात, बाहेरचं आहे.
– एक वाचक, उमरगा

उत्तर: ताई, बाहेरचं काही नाही. ‘नंतर तिला काही आठवत नाही’ ही तुमची ओळ मला फार महत्त्वाची वाटते.

जिवावर बेतलंय आणि पळताही येत नाही, अशा वेळी लेकराचं मन एकच करू शकतं: अंग तिथंच ठेवून स्वतः बाजूला होतं. याला डिसोसिएशन म्हणतात. पिएर जाने या फ्रेंच अभ्यासकाने १८८९ सालीच मनाची ही फूट मांडली होती. तेव्हाचे आवाज, वास, अंगावरचा भार आठवणीत नीट बसत नाहीत, सुटे राहतात आणि आत्ताच घडतंय असे परत येतात. माझ्या एका पेशंटला माळवदावर टाकायच्या पांढऱ्या मातीचा ओला वास आला, की लगेच हाका ऐकू यायच्या. बाकी दिवस त्या घर, शेत सगळं सांभाळायच्या.

नुसत्या आवाजावरून स्किझोफ्रेनिया ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. मात्र कोणी विषप्रयोग करतंय असा पक्का संशय, तुटक असंबद्ध बोलणं, महिनोन्‌महिने कशातच मन नसणं, हेही असेल तर तो असू शकतो. डिसोसिएशन आणि स्किझोफ्रेनिया एकत्रही असू शकतात. फिट्सच्या एका प्रकारातही माणूस असाच हरवतो, म्हणून ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या तपासणीबद्दल, विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका.

ती हरवली की गदागदा हलवू नका. पाय गार फरशीवर टेकवा, हळू आवाजात सांगा, ‘मी वहिनी. आपण उमरग्यात आहोत, स्वयंपाकघरात आहोत.’ तेव्हा काय झालं होतं ते घरी खोदून विचारू नका. ते काम प्रशिक्षित थेरपिस्टचं, तेही तिला आधी स्थिर करून. जवळ कोणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

एका वहीत लिहीत जा: हाक कधी आली, त्याआधी काय घडलं, किती वेळ हरवली, नंतर काय आठवलं. पुढच्या तपासणीला ती वही न्या, आणि केसपेपरवर किल्लारी लिहून घ्यायला सांगा.