सिलिकॉन, सलाईन की स्वतःची चरबी : स्तनवर्धनाचा निर्णय घेण्यापूर्वी

दोन बाळंतपणांनंतर स्तन लहान झाले आहेत आणि थोडे ओघळलेही आहेत, तेव्हा इम्प्लांट, म्हणजे आकार वाढवण्यासाठी स्तनात ठेवायची भरलेली पिशवी, बसवून घ्यावे का, दुसरा काही मार्ग आहे का आणि बसवलेले इम्प्लांट किती वर्षे टिकते, असे तुम्ही विचारले आहे. मी प्लास्टिक सर्जन आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर नेहमी येतो. मात्र तुम्ही एका वाक्यात लिहिलेल्या दोन तक्रारी, म्हणजे लहान होणे आणि ओघळणे, या वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

आरशासमोर उभे राहून स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या वर आहे की खाली, ते पाहा. ते घडीच्या वर असेल, तर केवळ इम्प्लांटने आकार भरून येण्याची शक्यता चांगली असते. ते घडीच्या खाली उतरले असेल, तर इम्प्लांटमुळे स्तन मोठा होईल पण वर येणार नाही. उलट वाढलेल्या वजनामुळे पुढे तो अधिक ओघळू शकतो. अशा वेळी जादा त्वचा काढून स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया, जिला लिफ्ट म्हणतात, ती करावी लागते; एकटी किंवा इम्प्लांटच्या जोडीने. तिचे व्रण अधिक दिसतात, हे खरे आहे. तरीही तपासणीनंतर आपल्याला आकार वाढवायचा नसून पूर्वीची ठेवण हवी आहे, हे अनेक स्त्रियांच्या लक्षात येते आणि इम्प्लांटचा विषय तिथेच संपतो.

इम्प्लांटच घ्यायचे ठरले, तर दोन्ही प्रकारांचे बाहेरचे आवरण सिलिकॉनचेच असते, फरक आतल्या पदार्थात आहे. सलाईनच्या इम्प्लांटमध्ये निर्जंतुक खारे पाणी असते. ते फुटले तर पाणी शरीरात शोषले जाते आणि स्तन बसल्याचे लगेच कळते. सडपातळ स्त्रियांमध्ये मात्र त्याच्या सुरकुत्या हाताला लागतात, कधी दिसतातही. सिलिकॉन जेलचा स्पर्श नैसर्गिक ऊतींच्या अधिक जवळचा असतो, परंतु ते फुटले तरी बाहेरून काहीच न जाणवण्याची शक्यता असते. म्हणूनच कोणताही त्रास नसला तरी शस्त्रक्रियेनंतर पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन ते तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी, असा अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, सल्ला आहे. हा खर्च शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात बहुधा लिहिलेला नसतो, तो तुम्हीच धरायचा असतो.

सिलिकॉनविषयी तुम्ही उलटसुलट वाचले असेल, त्यामागे इतिहास आहे. पहिले जेल इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे बसवले गेले. पुढे सुरक्षिततेच्या शंकांमुळे 1992 मध्ये तिथे त्यांच्या वापरावर कडक निर्बंध आले आणि 2006 मध्ये सौंदर्यवर्धनासाठी ती पुन्हा मान्य झाली. फ्रान्समधील इम्प्लांट बनवणारी पीआयपी कंपनी वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन वापरत असल्याचे 2010 मध्ये उघडकीस आले. त्यानंतर खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित होणारा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, समोर आला आणि 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत आहे ना, हे नक्की विचारा. मी स्वतः खरखरीत इम्प्लांट वापरत नाही. काही स्त्रिया इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी आणि विसराळूपणाची तक्रार करतात. यासाठी निदानाची कोणतीही ठरलेली चाचणी नाही, पण इम्प्लांट काढल्यावर त्यांपैकी अनेकींना बरे वाटते. अशा तक्रारींना मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये, असे माझे मत आहे.

आता किती वर्षे टिकते याविषयी. इम्प्लांट ठरावीक तारखेला बदलावेच लागते असे नाही, परंतु ते आयुष्यभराचेही नसते. शरीर त्याच्याभोवती एक पातळ वेष्टन तयार करते. काहींमध्ये तेच आकसून घट्ट होते, स्तन कडक होतो, दुखू लागतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. इम्प्लांट फुटणे, सरकणे किंवा पुढच्या काळात आकार नकोसा वाटणे, ही कारणे निराळीच. तिशीत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीने पुढे निदान एक शस्त्रक्रिया होईल असे गृहीत धरावे, आणि इम्प्लांट काढल्यावर ताणलेली त्वचा पूर्ववत होईलच असे नाही, हेही. माझ्या मते सिलिकॉन की सलाईन यापेक्षा मोठा प्रश्न हा आहे की दुसऱ्या शस्त्रक्रियेची तुमची मानसिक आणि आर्थिक तयारी आहे का.

ती नसेल, तर पोट किंवा मांडीतील चरबी लायपोसक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, काढून स्तनात भरण्याचा पर्याय आहे. त्यात परका पदार्थ नसतो आणि व्रण अगदी लहान असतात. पण वाढ माफक होते, भरलेल्या चरबीचा काही भाग शोषला जातो, त्यामुळे कधी ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते. अंगावर पुरेशी चरबी नसेल तर हा मार्ग बंदच होतो. टिकून न राहिलेल्या चरबीच्या गाठी किंवा कॅल्शियमचे ठिपके मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेत, दिसू शकतात, म्हणून तुलनेसाठी शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीचा अहवाल जपून ठेवावा. क्रीम आणि गोळ्यांनी स्तन वाढत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, आणि स्तनात जेल किंवा द्रव सिलिकॉन टोचून घेणे तर धोक्याचेच आहे.

छेद घडीत घ्यायचा, काखेत की स्तनाग्राभोवती, आणि इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवायचे की खाली, हे शरीराची ठेवण पाहून ठरते. आणखी मूल हवे असेल, तर ते आधी सांगा, कारण स्तनाग्राभोवतीच्या छेदाने दुधाच्या नलिकांना इजा होण्याचा धोका अधिक असतो. खरे तर तोपर्यंत थांबणेच इष्ट. स्तनपान थांबल्यावरही काही महिने जाऊ द्यावेत, वजन स्थिर असावे आणि धूम्रपान करत असाल तर ते आधीच बंद करावे, कारण त्याने जखम भरण्यास अडथळा येतो.

शस्त्रक्रिया झाल्यास इम्प्लांटचा क्रमांक असलेले कार्ड मागून घ्या आणि मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञांना सांगा, म्हणजे ते वेगळ्या कोनांतून जादा प्रतिमा घेतील. काही वर्षांनी एखाद्या बाजूला अचानक सूज आली, तर थांबू नका. सोनोग्राफी करून आत साठलेला द्रव तपासायला पाठवण्यास सांगा, कारण वर उल्लेख केलेला लिम्फोमा बहुतेक वेळा अशाच सुजेने प्रकट होतो आणि लवकर सापडल्यास इम्प्लांट वेष्टनासह काढून टाकल्यावर तो सहसा बरा होतो.